अकरा दिवसांचं कुलूप

वाडी, पो. खर्डा,
ता. जामखेड
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सविता हिस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, त्याची माफी आधी मागतो. एक उशीर दीड वर्षाचा आणि दुसरा नऊ दिवसांचा. दीड वर्षाचं तुलाही ठाऊक आहे, मलाही. नऊ दिवसांचं मात्र सांगायला हवं. दिवाळीच्या आधी तुझ्या नावाचा सरकारी लिफाफा इथल्या पत्त्यावर आला. तुझ्या घराला कुलूप बघून पोस्टमन अजिनाथने तो माझ्याकडे दिला. चुलता म्हणजे घरचाच, म्हणून दिला. मी सही केली, फोडून वाचला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. सणासुदीत तुझ्या जिवाला घोर नको, असं मनाशी म्हटलं. मग सण उरकला तरी पेटीतच राहिला. फोन करावा तर माझा नंबर तुझ्या मोबाईलवर लागत नाही. आदिनाथ म्हणतो, ताईने तो बंद करून ठेवलाय. असेल.

लिफाफ्यात नोटीस आहे, ती सोबत जोडली आहे. तू जाताना अंगणवाडीच्या संघटनेतल्या बाईंकडून जे अपील करून गेलीस, त्याची सुनावणी लागली आहे. सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता, नगर. हजर राहिली नाहीस तर काढून टाकल्याचा हुकूम कायम होईल आणि जागा भरतील. ती जागा कोणासाठी राखून ठेवली आहे हे वाडीतली शेंबडी पोरंही सांगतील. सरपंच काकासाहेबाची सून रुपाली आत्तापासून अंगणवाडीच्या ओट्यावरून नजर फिरवून जाते, भिंतीला रंग कोणता द्यावा म्हणून.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो, रागावू नकोस. पन्नास वर्षं लोकांचे अर्ज लिहून खोडच लागली आहे, पहिल्यापासून मांडल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. तू बारा वर्षं वाडीच्या अंगणवाडीची सेविका. २०२३ च्या डिसेंबरात भागूबाईची नात पूजा तापाने फणफणली. पोर चार वर्षांची, आईबाप ऊसतोडीला गेलेले, आणि भागूबाईला डोळ्यांनी दिसत नाही. तू पोरीला टेम्पोत घालून नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलंस आणि तिच्या उशाशी अकरा दिवस बसलीस. मदतनिसाची जागा रिकामी होती, त्यामुळे अंगणवाडीला अकरा दिवस कुलूप राहिलं. तू वरच्या बाईंना फोनवर सांगितलंस, पण रजेचा अर्ज दिला नाहीस. इकडे त्रेचाळीस सह्या-अंगठ्यांनिशी तक्रार गेली. तुझ्याकडून खुलासा मागितला, तो मी लिहून दिला. वाचून दाखवला तेव्हा तू पदराने डोळे पुसले होतेस. एवढं असून साहेबाला पाझर फुटला नाही, त्याला मी काय करणार.

म्हणून सांगतो, खुलासा पुन्हा लिहू. या वेळी त्याहून चांगला लिहीन. हात थोडा कापतो, पण अक्षर अजून लागतं. तू फक्त सही करायला ये, नाहीतर मी केडगावला येतो. त्या मेसच्या स्वैपाकात तू दिवसाला किती पोळ्या लाटतेस, हे तुझ्या धनश्रीने तुझ्या चुलतीला फोनवर सांगितलं. तेव्हापासून चांगुणा माझ्याशी धड बोलत नाही.

चि. धनश्रीला आशीर्वाद. बारावीचं वर्ष आहे, तिला रात्री दूध देत जा.

तुझा,
अप्पा


वाडी
३ नोव्हेंबर २०२५

चि. सविता हिस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अजिनाथने देताना वाचलं असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितलं नाही. 'अप्पा, तुमच्या हातचं लिहिणं नको. एकदा झालं तेवढं पुरे.' दोनच ओळी. खाली सही. आशीर्वाद मागितलेला नाही, नमस्कारही नाही.

वाईट वाटलं, पण असू दे. माझ्या हातचं नको तर स्वतःच्या हातचं लिही. तू दहावी झालेली, मी सातवी. कसं लिहायचं तेवढं मी सांगतो, मग तुझं तू बघ. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या आदिनाथलासुद्धा नाही. जामखेडच्या कोर्टाबाहेर एक मुन्शी बसायचे. पंचवीस वर्षांचा असताना चार वर्षं मी त्यांचे कागद उतरवून काढले. मला जे येतं ते त्यांचं.

मुन्शी म्हणायचे, अर्ज वाचणारा साहेब सकाळपासून तीस अर्ज वाचून बसलेला असतो. त्याचा तुझ्यावर राग नसतो, त्याला नुसता कंटाळा आलेला असतो. त्याला पहिल्या दोन ओळींत वाटलं पाहिजे की हा माणूस खोटं बोलणारा नाही. मोठमोठे शब्द घातलेस, 'मी प्रामाणिक सेविका असून' असं लिहिलंस, की तो पान उलटतो. प्रामाणिक आहे असं सगळेच लिहितात. त्यापेक्षा आपली एखादी चूक आपणच आधी सांगून टाकायची. बारकी, ज्याने फार नुकसान होणार नाही अशी. मग पुढचं तो खरं धरतो. तुझ्या बाबतीत रजेचा अर्ज न देणं ही ती चूक. ती वर घे.

(मागच्या पत्राची सुरुवात मीही तशीच केली होती की काय, असं आता मनात आलं. नऊ दिवसांची माफी. सवयीने होतं, सविता. मुद्दाम केलं नव्हतं.)

मग घडलं ते सांगायचं, आणि आकडा नेमका द्यायचा. 'बरेच दिवस' म्हटलं की कानावरून जातं. 'अकरा दिवस' म्हटलं की टोचतं. काकासाहेब माझ्या ओट्यावर बसून म्हणाला होता, 'लई दिस बंद हाय वो अंगणवाडी, आसं लिवा.' मी म्हटलं, लई म्हणजे किती ते सांग. त्याने बोटं मोजली आणि अकरा निघाले. त्या अकऱ्यानेच सगळं काम केलं.

लिहून गेलो.

खोडावं म्हणून पेन टेकवलं होतं. पण खाडाखोड दिसली की तू उजेडात धरून वाचशील, लहानपणीही असंच करायचीस. तेव्हा राहू दे. होय, तक्रारही मीच लिहिली. गावात बहुतेकांना ठाऊक आहे, तुला कुणी सांगितलं नसावं. माझ्याकडे बांधाचं भांडण घेऊन आज एक भाऊ येतो आणि उद्या दुसरा येतो. मी दोघांचं लिहितो. पन्नास वर्षं हीच रीत आहे आणि कुणी बोट ठेवलं नाही. लिहिणाऱ्याने खरं-खोटं निवडायचं नसतं, ते साहेबाचं काम. हे मी तुझ्यापुढे बचाव म्हणून मांडत नाही. रीत काय आहे ते सांगतो.

तिसरी गोष्ट काळजाची. वाचणाऱ्याला हळहळ वाटली पाहिजे, पण 'फार हाल झाले' लिहून ती वाटत नाही. एकच गोष्ट डोळ्यांपुढे उभी करायची. तक्रारीत होतं ना, 'लहान मुले रिकाम्या वाट्या घेऊन कुलपाकडे बघत उभी राहिली व परत गेली.' ती ओळ मी घातली. वाट्या घेऊन कुणी उभं नव्हतं. तू नगरला गेल्याचं पोरांच्या घरी पहिल्याच दिवशी कळलं होतं, पोरं तिकडे फिरकलीच नाहीत. पण ओळ कागदावर उतरली तेव्हा मला स्वतःलाच भरून आलं होतं. ज्या गोष्टीने लिहिणाऱ्याचे डोळे भरतात ती खरीच असणार, असं तेव्हा वाटलं.

पुराव्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. आता डोळे चुरचुरताहेत.

अप्पा


वाडी
८ नोव्हेंबर २०२५

चि. सविता,

पाच दिवस झाले, तुझं उत्तर नाही. वाट्यांचं वाचून पत्र फाडून टाकलं असशील. फाडलं असलं तरी धडे ध्यानात ठेव, ते खरे आहेत.

वाडी ओस पडत चालली आहे. काल तीन ट्रक भरून माणसं कारखान्यांकडे गेली. पूजाचे आईबापही गेले. पूजा आता पहिलीत आहे, शाळेसाठी तिला भागूबाईजवळच ठेवली. पोर धडधाकट आहे, दोरीवरच्या उड्या मारताना दमत नाही. मी ओट्यावर बसलो की ती समोरूनच शाळेत जाते. 'आप्पा, राम राम' म्हणते. मी मान खाली घालून काहीतरी शोधल्यासारखं करतो.

परवा भागूबाई भिंत धरत धरत माझ्याकडे आली. मी म्हटलं, कुणाला तरी पाठवायचं, स्वतः कशाला आलीस. खाली बसली आणि म्हणाली, 'सवीचा कागद लागलाय म्हनं. माझं नाव हाय का त्यात?' मी विचारलं, कशाला हवंय तुझं नाव. तर म्हणाली, 'मागल्या बारीला मला कुनीच इचारलं न्हाई. म्या दोन दिस लुगडं नेसून तयार बसल्ते, नगरला न्हेत्याल म्हून.'

चांगुणा चुलीपाशी होती. तिने आतूनच सोडलं, 'आख्ख्या तालुक्याचं लिवत्यात. घरातल्या लेकीचं लिवताना शाई संपल्ती त्यांची.' भागूबाई हसली. मला हसू आलं नाही.

मागच्या पत्रात पुराव्याचं टाळलं, ते डोळे चुरचुरत होते म्हणून नव्हे. सांगतो. तू खुलासा लिहून घ्यायला बसली होतीस तेव्हा माझ्या हातात दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड दिलं होतंस. हिरवट रंगाचं, दुमडून चार घड्या पडलेलं. त्यावर पूजाचं नाव, भरती केल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि सोबतच्या माणसाच्या रकान्यात तुझी सही. अकरा दिवसांचा हिशेब एका कागदावर. 'अप्पा, हे जोडा' म्हणालीस. मी हो म्हटलं.

जोडलं नाही. हुकूम आल्यावर तू विचारलंस, तेव्हा मी म्हटलं की जोडलं होतं, ऑफिसात कुठे गहाळ झालं असेल. गहाळ झालं नाही. माझ्याकडे आहे. अगदी जपून ठेवलं आहे, वाळवी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.

आता माझी बाजू ऐक. मुन्शींची एक शिकवण होती. दया आणायची असेल तर कागद जोडू नये. कागद जोडला की साहेब कागद वाचतो, माणूस त्याच्या नजरेतून निसटतो. एका अर्जाने एकच काम करायचं, एकतर रडवायचं नाहीतर पटवायचं. मी रडवायचं ठरवलं. दीड पान तुझं विधवापण लिहिलं, बापाविना वाढलेली धनश्री लिहिली, तुझ्या आईचं दुखणं लिहिलं. भागूबाईला साक्षीला आणलं नाही तेही त्यामुळेच. माझा अंदाज चुकला. म्हाताऱ्या माणसाचा अंदाज चुकतो. या धंद्यात कुणाचाही चुकला असता.

कार्ड पाठवायचंच आहे. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून थांबलो. ते एकच आहे, हरवलं तर दुसरं नाही.

उत्तर दे.

अप्पा


वाडी
१४ नोव्हेंबर २०२५

सविता,

तुझं पाकीट काल दुपारी आलं. आत तुझा स्वतःच्या हाताने लिहिलेला खुलासा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की आता न बघता लिहू शकतो: 'तुमचं आठ तारखेचं पत्र मिळालं. सोबतचा कागद तपासून दुरुस्त करू नका. त्यात एक गोष्ट खोटी आहे. ती तशीच ठेवायची का, एवढंच मला कळवा.'

आधी मी लाल पेन घेतलं होतं. खोटं नाही बोलत, घेतलं होतं. तुझा कागद वाचायला लागलो आणि ते खाली ठेवलं. 'मी रजेचा अर्ज दिला नाही. मुलीला उचलली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. माझ्याजवळ कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. त्यातली एक कोणाला तरी द्यायला हवी होती, ते सुचलं नाही. दोन्ही किल्ल्या अकरा दिवस माझ्या कमरेला राहिल्या.' यात एकही शब्द साहेबाला विनवणारा नाही. मी लिहिलं असतं तर त्या किल्ल्या गाळल्या असत्या, कारण त्यात तुझी चूक दिसते. आणि त्या किल्ल्यांनीच मला तू दिसलीस, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली.

मग शेवटून तिसरी ओळ. 'मुलीचे डिस्चार्ज कार्ड माझ्याकडून हरवले.'

माझं पत्र हातात असताना तू ही ओळ लिहिलीस. कार्ड कुठे आहे ते ठाऊक असताना. आणि सगळ्या कागदात माझं नाव कुठेही नाही, तक्रारीपाशी नाही आणि पहिल्या खुलाशापाशीही नाही. ही ओळ ठेवली तर तुझ्याजवळ पुरावा राहत नाही आणि माझ्या नावाला डाग लागत नाही. काढली तर सगळंच काढावं लागतं. आणि काढायची की ठेवायची ते मी सांगायचं.

पन्नास वर्षं मी माणसांना कागदावरून हलवत आलो. मला कागदाने हलवणारं कुणी भेटलं नव्हतं.

तर आता ऐक. कागद जोडू नये, असं मुन्शींनी कधी शिकवलं नव्हतं. उलट ते म्हणायचे, हातात कागद असेल तर अश्रूंवर शाई खर्चू नये. मागच्या पत्रात मी त्यांच्या तोंडी खोटं घातलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं, कारण ते उठून नाही म्हणणार नाहीत.

खरं असं आहे. तक्रार लिहून घ्यायला काकासाहेब आला, तेव्हा जाता जाता म्हणाला होता की गावच्या पाणीपुरवठ्याला माणूस घ्यायचाय, आदिनाथ रिकामाच हाय न्हवं. बस, एवढंच म्हणाला. मी हो नाही काही म्हटलं नाही. पुढे तू कार्ड घेऊन आलीस तेव्हा मला दिसलं की हे जोडलं तर तक्रार एका मिनिटात पडते, काकासाहेब तोंडावर पडतो, आणि आदिनाथचं काम जातं. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि दीड पान रडण्याचं लिहिलं, इतकं चांगलं की तुला शंका येऊ नये. ते दीड पान साहेबासाठी नव्हतं. ते तुझ्यासाठी होतं. तू रडलीस तेव्हा मला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या महिन्यात आदिनाथच्या हातात टाकीची चावी आली. तेव्हापासून रोज सकाळी नळाला पाणी येतं आणि चांगुणा हंडे लावते. मी ते पाणी पितो.

हे आज सकाळी आदिनाथला सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याच्यावर राग धरू नकोस. तो पायऱ्यांवर बसून बूट घालत होता. ऐकून घेत त्याने नाडी बांधली. मग म्हणाला, 'तवा मला ठाऊक आसतं तर म्या चावी धरली आसती का न्हाई, हे तुमी मला कधी इचारलंच न्हाई.'

मी म्हटलं, आता विचारतो. कार्ड पाठवू का?

'आता इचारता व्हय? आता मला दोन पोरं हायती, आप्पा.'

आणि तो निघून गेला. जेवायला आला नाही. चांगुणाने डबा टाकीवर पाठवला. तिला सगळं कळलेलं आहे.

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर आज देता येत नाही. आज शुक्रवार आहे. मला एक दिवस दे.

अप्पा


वाडी
१७ नोव्हेंबर २०२५

सविता,

शनिवारी मी जामखेडला गेलो. इथल्या पोस्टात दिलं असतं तर पाकिटावरचा पत्ता वाडीभर झाला असता. खिडकीतल्या पोराला म्हटलं रजिस्टर कर, तर म्हणाला, रजिस्टर आता राहिलं नाही बाबा, स्पीड पोस्टच आहे. मला ते पटेना. दोनदा विचारलं, मागच्या माणसालाही विचारलं. शेवटी दोन पाकिटं स्पीड पोस्टाने दिली आणि दोन पावत्या घेतल्या.

तुझ्या पाकिटात डिस्चार्ज कार्ड आहे. घड्यांवर फाटू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं आहे. पाकीट उघडताना कात्री लावू नकोस, पुठ्ठा अगदी कडेला टेकलेला आहे.

दुसरं पाकीट नगरच्या ऑफिसला, सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या नावाने. त्यात मी काय लिहिलं ते तुला ठाऊक असावं म्हणून इथे उतरवतो. 'मी कानिफनाथ, वय ७४, राहणार वाडी. सेविकेविरुद्धची तक्रार मी लिहिली. तिचा खुलासाही मीच लिहिला. तक्रारीतली वाट्या घेऊन उभी राहिलेली मुले मी मनाने घातली, तशी कुणी उभी नव्हती. दवाखान्याचे कार्ड तिने मला जोडायला दिले होते. मुलाला काम मिळावे म्हणून मी ते जोडले नाही. दोन्ही कागदांवरचे अक्षर व या कागदावरचे अक्षर ताडून पाहावे.' खाली सही. एवढं लिहायला मला सगळी रात्र लागेल असं वाटलं होतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच बसलो. एका दमात झालं. वाचून बघितलं तेव्हा अर्ज म्हणून फार ओबडधोबड वाटला. कुठे विनंती नाही, कुठे आदर नाही. तसाच टाकला.

तेव्हा तुझ्या कागदातली ती शेवटून तिसरी ओळ आता काढून टाक. मी विनवत नाही. माझा कागद साहेबांकडे पोचला की ती ओळ राहू शकत नाही, म्हणून सांगतो.

गावात कळायला वेळ लागला नाही. मी जामखेडला कुणासमोर काही बोललो नव्हतो, पण बहुतेक आदिनाथनेच काकासाहेबाला सांगितलं. लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असा त्याने विचार केला असेल. तसा त्याने केला असावा अशी मी आशा धरतो. काकासाहेब काल माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. म्हणाला, 'आप्पा, तुमी आमचंबी लिवलं, तिचंबी लिवलं. आता सोताचं लिवाया घेतलंय म्हनं.' मी म्हटलं, होय. त्याने कप उलटा ठेवला आणि टाकीच्या चावीचं चोवीस तारखेनंतर बघू, एवढं बोलून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. आदिनाथ आजही टाकीवर गेला होता. माझ्याशी बोलला नाही. माझ्या ताटात भाकरी मात्र त्यानेच वाढली, चांगुणा बाहेर गेली होती म्हणून.

आज सकाळपासून ओट्यावर कुणी अर्ज घेऊन आलं नाही. सोमवारी नेहमी दोन-तीन तरी येतात.

आता कामाचं. भागूबाईला घेऊन मी चोवीसला नगरला येतो आहे. ती स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. काय सांगायचं ते मी तिला शिकवलेलं नाही. ती विचारत होती, पहिलं काय बोलू. मी म्हटलं, तुला आठवेल ते बोल. तिला ते फारसं आवडलं नाही. तिला वाटतं, एवढा लिहिणारा माणूस आहे तर दोन ओळी पाठ करून द्यायला काय जातं. काल दोनदा ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं.

पूजाला आणायचं का, हाही विचार आला. साहेबापुढे ती पोर नुसती उभी राहिली तरी पुरे, असं वाटलं, आणि वाटलं त्याच क्षणी स्वतःचीच भीती वाटली. तिची शाळा आहे. तू म्हणशील तरच आणीन, नाहीतर शेजारी ठेवीन.

भागूबाईची एक अट आहे. सवी येणार असेल तरच मी एसटीत बसते, म्हणते. परक्या ऑफिसात नुसत्या आवाजांमध्ये मला सोडू नको, सवीचा हात धरायला मिळाला पाहिजे. मी तिला काय सांगू? मला ठाऊक नाही तू येशील की नाही. सकाळी सहाची गाडी धरायची तर तिला चारला उठवावं लागेल, आणि आदल्या दिवसापासून ती जेवायची नाही, प्रवासात मळमळतं म्हणून. उगाच उपाशी ठेवून नेली आणि तिथे तू नसलीस, तर ती दारातूनच परत फिरेल. मग मी एकटाच आत जाईन, आणि माझं बोलणं आता कोण खरं धरणार.

अजिनाथ शनिवारी येतो, त्यानंतर थेट सोमवारी दुपारी. तोपर्यंत आम्ही निघून गेलेलो असू. म्हणून शनिवारच्या आत तुझा शब्द इथे पोचला पाहिजे. मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. धनश्रीला चांगुणाच्या मोबाईलवर सांगायला सांग, मी फोनजवळ बसणार नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या सुनावणीनंतर दे, मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून सगळ्या ऐकीन. पण पाकीट पोचलं का आणि भागूबाईला आणू का, एवढं कळव. लवकर कळव, सविता.

अप्पा